प्रकाशाला वस्तुमानच नाही, मग कृष्णविवर त्याला धरतं कसं?

शून्याधिक

न्यूटनचं सूत्र शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. दोन वस्तुमानांचा गुणाकार, भागिले अंतराचा वर्ग. आता प्रकाशकणाचं वस्तुमान शून्य. शून्याने गुणलं की बल शून्य. म्हणजे कृष्णविवर कितीही अजस्र असो, प्रकाशाच्या केसालाही धक्का लागायला नको. तरी जो उठतो तो सांगतो, "कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण इतकं जबरदस्त, की प्रकाशसुद्धा सुटत नाही." जबरदस्त म्हणजे किती? शून्याला कितीने गुणलं की ते शून्य राहत नाही?

दुसरं, प्रकाश सुटतच नसेल तर २०१९ मध्ये कृष्णविवराचा जो फोटो आला त्यात ते नारिंगी कडं कसलं?

'अवकाश वाकतं' एवढं एक वाक्य टाकून कोणी पळून जाऊ नका. ते मीही वाचलंय. वाकल्याने नेमकं काय होतं ते सांगा.

राघूमैना

वाचतेय. प्रश्न माझाही आहे, विचारायची लाज वाटत होती.

गणितवेडी

न्यूटनच्याच घरात राहून उत्तर देते. बल शून्य येतं हे खरं, पण मार्ग बलावर ठरत नाही, त्वरणावर ठरतो. त्वरण काढायला त्या बलाला पडणाऱ्या वस्तूच्या वस्तुमानाने भागायचं. ते वर एकदा, खाली एकदा, गळून जातं. उरतं फक्त ओढणाऱ्याचं वस्तुमान आणि अंतर. म्हणून पोकळीत सगळ्या वस्तू सारख्याच पडतात.

हे धरून जोहान फोन झोल्डनर या जर्मन माणसाने १८०१ मध्येच हिशोब केला होता: सूर्याच्या कडेला घासून जाणारा प्रकाश ०.८४ विकलांनी वाकेल (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). म्हणजे आइन्स्टाइनच्या शंभरेक वर्षं आधी.

चिकित्सक_८

@गणितवेडी, शून्य वर, शून्य खाली. शून्याला शून्याने भागायला कोणत्या शाळेत शिकवलं तुम्हाला?

गणितवेडी

भागूच नका. एक ग्रॅमची गोळी प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ सोडा, मार्ग आखा. मग अर्धा ग्रॅम, मग हजारावा भाग. मार्ग तोच राहतो. वस्तुमान शून्याकडे नेत राहिलात तरी मार्गाला त्याचा पत्ता नसतो. झोल्डनरला वस्तुमान किती हे ठरवायची गरजच पडली नाही.

चिकित्सक_८

ठीक. पण ही पळवाट झाली, उत्तर नाही.

खगोलखुळा

चिकित्सकराव बरोबर बोलताहेत, आणि ती पळवाट आहे हे आकड्यांतच दिसतं. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

एक बंद खोली घ्या, जी मोकळी पडते आहे. आत असलेल्याला वजन जाणवत नाही. त्याच्या दृष्टीने खोलीत गुरुत्वाकर्षणच नाही. त्याने डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीकडे प्रकाश सोडला, तर तो सरळ जाणार. आता जमिनीवर उभं राहून बघा. प्रकाश पलीकडे पोचेपर्यंत खोली थोडी खाली आलेली असते. आतल्याला प्रकाश त्याच उंचीवर आदळलेला दिसतो, म्हणजे बाहेरच्याच्या मते तोही खाली आला. प्रकाश वाकला. या सगळ्यात प्रकाशाचं वस्तुमान कुठे लागलं? कुठेच नाही. हा आइन्स्टाइनचा युक्तिवाद. १९११ मध्ये त्याने यावरून उत्तर काढलं आणि ते जवळपास झोल्डनरचंच आलं.

मग १९१५. पूर्ण सिद्धांत हाती आल्यावर त्याने हिशोब पुन्हा मांडला आणि उत्तर बरोबर दुप्पट झालं: १.७५ विकला. वाढीव निम्मा भाग आला कुठून? पडणाऱ्या खोलीचा युक्तिवाद फक्त काळाची गोष्ट सांगतो: गुरुत्वाकर्षणात खोलवर घड्याळ सावकाश चालतं, त्यातून निम्मं वाकणं निघतं. उरलेलं निम्मं अवकाशाच्या भूमितीतून येतं. सूर्याभोवती वर्तुळ आखून त्याचा परीघ मोजला आणि मग केंद्राच्या दिशेने त्रिज्या मोजत गेलात, तर ती शाळेच्या सूत्रापेक्षा जास्त भरते. सावकाश जाणाऱ्या वस्तूला हा दुसरा भाग जाणवत नाही, कारण ती मुख्यतः काळातूनच 'चालत' असते. प्रकाश अवकाश आणि काळ दोन्हीतून सारख्याच प्रमाणात जातो, म्हणून त्याला दोन्हीचा वाटा पुरेपूर मिळतो.

शून्याधिक, 'वाकतं म्हणजे काय होतं' याचं उत्तर माझ्या मते हेच आहे: घड्याळं आणि मोजपट्ट्या जागोजागी वेगळं माप देतात. प्रकाश प्रत्येक ठिकाणी नाकासमोरच चालतो.

मावळतीचा वारा

थोडक्यात, न्यूटन पन्नास टक्क्यांनी पास. कृपागुणांशिवाय.

राघूमैना

हसून हसून पुरेवाट!

बोरूबहाद्दर

हे १.७५ म्हणजे एडिंग्टनवालं ना? ग्रहणात सूर्याशेजारचे तारे किती सरकलेले दिसतात ते मोजणारा इंग्रज खगोलज्ञ. त्याने आकडे आपल्याला हवे तसे वळवले होते असं वाचलंय. नकोसे फोटो बाजूला टाकले म्हणे.

टेलिस्कोपवाली

ही अफवा दर दोन वर्षांनी उगवते. २९ मे १९१९ चं ग्रहण, दोन ठिकाणं: ब्राझीलमधलं सोब्राल आणि आफ्रिकेजवळचं प्रिन्सिपे बेट. सोब्रालच्या लहान दुर्बिणीने १.९८ दिलं, प्रिन्सिपेने १.६१. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीने ०.९३ च्या आसपास दिलं, पण तिचा फोकस बिघडला होता, तारे पसरट आले होते. तो आकडा बाजूला ठेवला, लपवला नाही, अहवालात छापलाय. आणि एडिंग्टन प्रिन्सिपेला होता, सोब्रालला नाही. १९७९ मध्ये त्याच फोटोच्या काचा नव्या यंत्राने पुन्हा मोजल्या, तर त्या 'बिघडलेल्या' दुर्बिणीचं उत्तरही १.५५ च्या आसपास आलं.

शिवाय आता ग्रहणाची वाट कोण बघतं? लांबच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांकडून, म्हणजे क्वेसारकडून, येणाऱ्या रेडिओलहरी सूर्याजवळून जाताना वाकतात, ते दिवसाढवळ्या मोजता येतं. तिथे आइन्स्टाइनचा आकडा दहा हजारात एकदोन भागांपर्यंत जुळतो.

खगोलखुळा

अवांतर: १९१४ मध्येच एक जर्मन तुकडी क्रायमियात ग्रहण बघायला गेली होती. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि बिचाऱ्यांना रशियनांनी धरलं. ते मोजमाप झालं असतं तर तेव्हाच्या भाकिताच्या दुप्पट वाकणं मिळालं असतं आणि आइन्स्टाइन चुकला म्हणून गाजावाजा झाला असता.

मावळतीचा वारा

नशीब म्हणतात ते हेच. बाकीच्या जगाचं मात्र नव्हे.

निरीच्छ

इतकं किचकट कशाला? ताणलेल्या चादरीवर लोखंडी गोळा ठेवायचा, चादर खचते, शेजारून सोडलेली गोटी वळते. मुलांनाही कळतं.

खगोलखुळा

चादरीवर माझा जुना राग आहे. गोटी वळते कारण खाली खरीखुरी पृथ्वी तिला ओढते आहे. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरलं! दुसरं, त्यात फक्त अवकाश वाकवलंय, काळाचा पत्ताच नाही. वरच्या हिशोबातलं निम्मं उत्तर तिथेच सांडलं.

निरीच्छ

असहमत. पहिली पायरी म्हणून चालते. पुढची पायरी चढायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

चिकित्सक_८

चादर गुंडाळा. धाग्याचा विषय कृष्णविवर आहे आणि आपण अजून सूर्यावरच आहोत.

गणितवेडी

सूर्यावरून तिकडे जायला एकच पाऊल पुरतं. वाकण्याचा कोन साधारण असा: श्वार्झशिल्ड त्रिज्येची (जिच्या आत वस्तुमान कोंबलं की कृष्णविवर होतं ती) दुप्पट, भागिले प्रकाश जितक्या लांबून जातो ते अंतर. सूर्याच्या वस्तुमानाला श्वार्झशिल्ड त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. पण सूर्य स्वतः जवळपास ७ लाख किलोमीटर त्रिज्येचा, त्यापेक्षा जवळ प्रकाशाला जाताच येत नाही. ६ भागिले ७ लाख, म्हणून विकलांमधला किरकोळ कोन. तोच सूर्य ३ किलोमीटरच्या आत कोंबला, तर प्रकाशाला पार जवळ जायची वाट मोकळी होते. वस्तुमान तेच. दुरून जाणारा किरण पूर्वीइतकाच वाकेल आणि पृथ्वीही आपल्या कक्षेत फिरत राहील.

कृष्णविवर सगळं गिळत सुटतं, ही समजूत इथेच मोडते.

अगदी जवळ मात्र हे सोपं सूत्र लागू पडत नाही. न फिरणाऱ्या विवराला श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या दीडपट अंतरावर प्रकाश चक्क वर्तुळात फिरू शकतो. याला प्रकाशगोल म्हणतात. पण ही कक्षा टिकाऊ नाही: किरण जरासा आत कलला की खाली, जरासा बाहेर कलला की बाहेर.

मावळतीचा वारा

म्हणजे तिथे उभं राहून समोर बघितलं तर स्वतःचीच पाठ दिसेल?

गणितवेडी

डोक्याची मागची बाजू, हो. उभं राहायला रॉकेट मात्र अखंड पेटतं ठेवावं लागेल.

मावळतीचा वारा

टक्कल किती पडलंय ते बघायला फारच खर्चिक आरसा.

राघूमैना

मग फोटोतलं कडं म्हणजे तो प्रकाशगोल का?

टेलिस्कोपवाली

जवळचं आहे, पण तसंच नाही. शून्याधिक यांचा दुसरा प्रश्नही इथेच निकालात निघतो.

श्वार्झशिल्ड त्रिज्येवर विवराची जी सीमा असते तिला क्षितिज म्हणतात. प्रकाश त्या क्षितिजाच्या *आतून* सुटत नाही. बाहेर तापलेला वायू फिरत असतो, तो चमकतो, त्याचा प्रकाश सुटतो. १० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेलं चित्र एम ८७ दीर्घिकेच्या मध्यातल्या विवराचं. वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांइतकं, अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. निरीक्षणं एप्रिल २०१७ मधली, पृथ्वीवर लांब लांब असलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेली. कड्याचा व्यास ४२ मायक्रोविकला, म्हणजे विकलेच्या दहा लाखाव्या भागाच्या ४२ पट.

विवराकडे येणाऱ्या किरणांचा नेम किती चुकलेला आहे यावर त्यांचं भवितव्य ठरतं. नेम श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या सुमारे २.६ पटींहून कमी चुकला, तर किरण आत जातो. त्याहून जास्त चुकला, तर वळसा घेऊन बाहेर पडतो. अगदी सीमेवरचा किरण प्रकाशगोलाभोवती घिरट्या घालून मग सुटतो. म्हणून मधला काळा भाग, ज्याला सावली म्हणतात, क्षितिजाच्या अडीचपटीहून थोडा मोठा दिसतो. विवर स्वतःच स्वतःचं भिंग आहे. क्षितिजाच्या पलीकडच्या बाजूचा वायूही वळून आपल्याला दिसतो.

बोरूबहाद्दर

आणि नारिंगी रंग?

टेलिस्कोपवाली

रंग माणसांनी भरलाय. मोजल्या होत्या १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरी, डोळ्याला त्या दिसतच नाहीत. जिथे लहरी तीव्र तिथे रंग उजळ, एवढंच. निळा भरला असता तरी विज्ञान तेच राहिलं असतं, वर्तमानपत्रांचा मात्र विरस झाला असता.

पण कडं खालच्या बाजूला जास्त उजळ आहे ते खरं आहे. त्या बाजूचा पदार्थ आपल्याकडे येतो आहे, प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय भागाने, त्यामुळे त्याचा प्रकाश आपल्या दिशेला एकवटतो. फ्रान्सच्या झाँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९ मध्ये गणकयंत्रावर हिशोब करून आणि हाताने शाईचे ठिपके देऊन भोवती वायूची तबकडी असलेल्या विवराचं चित्र काढलं होतं. त्यातही एक बाजू उजळ, दुसरी मंद. प्रत्यक्ष चित्र यायला त्यानंतर चाळीस वर्षं लागली.

खगोलखुळा

पुरवणी: एम ८७ च्या सावलीचा व्यास सुमारे १०,००० कोटी किलोमीटर. प्रकाशालाच ती ओलांडायला जवळजवळ चार दिवस लागतात. त्यामुळे रात्रभर बघितलं तरी चित्र फारसं हलत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं विवर ४० लाख सूर्यांचं, त्यामानाने चिमुकलं. तिथला वायू मिनिटांमध्ये फेरी मारतो. निरीक्षणं त्याच मोहिमेतली, पण ते चित्र यायला मे २०२२ उजाडलं, त्याचं एक मोठं कारण हेच. सतत हलणाऱ्या मुलाचा फोटो काढून बघा.

चिकित्सक_८

एक शंका. प्रकाशाचा वेग कायम असतो म्हणता. मग विवराजवळून वर चढताना त्याची दमछाक कुठे दिसते? काहीतरी कमी व्हायलाच हवं.

गणितवेडी

वारंवारिता कमी होते. तरंगलांबी वाढते, प्रकाश लालकडे सरकतो. ताम्रसृती. श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या दीडपट अंतरावर स्थिर असलेल्या दिव्याची तरंगलांबी दूरच्या निरीक्षकाला १.७३ पट दिसेल. ४५० नॅनोमीटरचा निळा दिवा ७८० च्या आसपास पोचतो, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडे. दूरच्याच्या डोळ्याला तो विझलेलाच.

हे मोजायला विवर लागत नाही. १९६० मध्ये पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डमध्ये २२.५ मीटर उंचीच्या फरकावर गॅमा किरणांनी मोजून दाखवलं. फरक होता हजार लाख कोटींत अडीच भाग.

टेलिस्कोपवाली

विवराजवळही मोजलंय. एस २ नावाचा तारा आपल्या आकाशगंगेच्या मध्याभोवती १६ वर्षांत फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो विवरापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या १२० पटींवर आला, वेग प्रकाशाच्या जवळपास ३ टक्के. त्याच्या प्रकाशात ही ताम्रसृती स्पष्ट दिसली.

राघूमैना

मग आत पडणारा माणूस बाहेरच्याला कायमचा थिजलेला दिसतो म्हणतात, तो अजून दिसायला हवा ना? सगळे आजवर पडलेले क्षितिजावर चिकटलेले?

गणितवेडी

हिशोबात तो क्षितिज ओलांडताना कधीच दिसत नाही, हे खरं. पण त्याचा प्रकाश झपाट्याने लाल आणि मंद होतो. दहा सूर्यांच्या विवरासाठी हे मंदावणं मिलिसेकंदाच्या अंशात होतं. थोड्याच वेळात शेवटचा फोटॉन (प्रकाशकण) येऊन जातो, मग काहीच नाही. पडणाऱ्याला स्वतःला क्षितिजावर पाटी वगैरे दिसत नाही.

मावळतीचा वारा

'येथे प्रकाशास थांबण्यास सक्त मनाई आहे.'

निरीच्छ

प्रकाश वाकण्याचा काही उपयोग आहे की नुसतं कौतुकच?

खगोलखुळा

भरपूर. ज्या विवराभोवती वायू नाही, ते चमकत नाही, मग शोधायचं कसं? ते एखाद्या दूरच्या ताऱ्यासमोरून गेलं की भिंगासारखं काम करतं, तारा काही काळ उजळतो आणि त्याची जागा किंचित सरकल्यासारखी दिसते. २०११ मध्ये असा एक तारा उजळला. हबल दुर्बिणीने वर्षानुवर्षं त्याची जागा मोजली आणि २०२२ मध्ये जाहीर झालं की भिंग म्हणजे एकटं भटकणारं कृष्णविवर आहे, सुमारे सात सूर्यांचं. दिसलं नाही, तरी वजन केलं.

दुसरी गंमत १९७९ ची. आकाशात शेजारी शेजारी दोन जुळे क्वेसार सापडले. निघाला एकच, मधल्या दीर्घिकेमुळे दोन वाटांनी दिसणारा. एका वाटेने येणारा प्रकाश दुसरीपेक्षा ४१७ दिवस उशिरा पोचतो. इकडे क्वेसार भडकला की वर्षभराने तिकडेही भडकणार हे आधीच ठाऊक.

मावळतीचा वारा

शिळी बातमी, पण खात्रीची.

शून्याधिक

सगळं वाचलं, सगळ्यांचे आभार. वाकणं, कडं, रंग, पटलं. पण मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग कोणी शिवलाच नाही. वाकणं वेगळं आणि *न सुटणं* वेगळं. जमिनीवरून फेकलेला दगडही वाकतो, पण वर जातो आणि मग परत येतो. क्षितिजाच्या आतला प्रकाश थोडा तरी वर का जात नाही?

गणितवेडी

वर जाऊन परत येणारा प्रकाश ही जॉन मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाची कल्पना, १७८३ ची. त्याने सूर्याच्याच घनतेचा, पण ५०० पट व्यासाचा तारा कल्पिला, ज्याची मुक्तिगती (ओढीतून सुटायला लागणारा वेग) प्रकाशाच्या वेगाएवढी. त्याचा प्रकाश वर चढून परत पडतो. म्हणजे पुरेसं जवळ गेलं तर तो तारा दिसेल! गंमत म्हणजे त्या हिशोबातून त्रिज्येचं सूत्र तेच येतं जे १९१६ मध्ये श्वार्झशिल्डकडून आलं. चित्र मात्र पार वेगळं.

खगोलखुळा

फरक असा. क्षितिजाच्या बाहेर असताना केंद्र ही एक जागा आहे. तिच्याकडे जाता येतं, तिच्यापासून लांब जाता येतं. क्षितिजाच्या आत अवकाश आणि काळ यांच्या भूमिका बदलतात. केंद्रापासूनचं अंतर कमी होत जाणं म्हणजेच वेळ पुढे जाणं. केंद्र ही जागा न राहता पुढे येणारी वेळ होते. तिथे बाहेरच्या तोंडाने सोडलेला किरणही कमी अंतराकडेच जातो, कारण जास्त अंतर त्याच्या भूतकाळात पडलेलं असतं. वर चढून दमायला आधी वर ही दिशा तरी शिल्लक हवी.

'जबरदस्त ओढ' हे वाक्य यासाठीच चुकीचं. एम ८७ च्या विवराचं वस्तुमान घेऊन क्षितिजाच्या त्रिज्येवरून शाळेच्या सूत्राने घनफळ काढा आणि सरासरी घनता काढा: घनमीटरला अर्ध्या किलोहून कमी. हवेपेक्षा विरळ! क्षितिज ओलांडताना अंगाला ताणही जाणवणार नाही. तरी प्रकाश सुटत नाही. म्हणजे न सुटण्याचा संबंध जोराशी नाही, भूमितीशी आहे.

चिकित्सक_८

हवेपेक्षा विरळ हा हिशोब मी करून बघितला. बरोबर येतोय. पण आतलं घनफळ शाळेच्या सूत्राने काढणं तुमच्याच भूमितीत बसत नाही, हे नोंदवून ठेवतो.

खगोलखुळा

नोंद मान्य. म्हणूनच 'शाळेच्या सूत्राने' असं म्हटलंय, काका.

शून्याधिक

हे आवडलं. एक शेवटचं: क्षितिजाच्या बाहेरच दिवा धरला, तर त्याचा सगळा प्रकाश सुटतो का?

गणितवेडी

नाही. श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर स्थिर दिवा धरा. विवराच्या दिशेपासून ४५ अंशांच्या आत गेलेला प्रकाश आत पडतो, म्हणजे एकूण १५ टक्क्यांच्या आसपास. दीडपटीवर बरोबर निम्मा. त्याच्या खाली सुटायची वाट सुळक्यासारखी निमुळती होत जाते आणि क्षितिजाशी येता येता फक्त थेट डोक्यावरचा किरण उरतो. हे न फिरणाऱ्या विवरासाठी. फिरत्या विवराला रॉय केर या गणितज्ञाचं १९६३ चं उत्तर वापरावं लागतं. तिथे फिरण्याच्या दिशेने जाणारा प्रकाश विवराच्या अधिक जवळून फिरू शकतो, उलट जाणारा लांबूनच. त्याला वेगळा धागा काढा.

मावळतीचा वारा

काढा, पण चादर आणू नका.